नंबर तोच, बरं का!

मुलांनो, एक गंमत करून पाहा. आईचा मोबाइल नंबर न बघता म्हणून दाखवा. दहाच्या दहा आकडे हं! काहींची गाडी सहाव्या-सातव्या आकड्यावर अडेल. काही जण म्हणतील, "पाठ कशाला करायचा? फोनमध्ये 'आई' या नावानं आहेच की!" आता बाबांना विचारा, "तुमच्या लहानपणी घरी किंवा शेजारी जो फोन होता, त्याचा नंबर काय होता हो?" बाबा क्षणभर छताकडे बघतील आणि धडाधड म्हणून दाखवतील. तो फोन कधीच गेलेला असेल. कदाचित ते घरही राहिलं नसेल. नंबर मात्र डोक्यात जागच्या जागी!

जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये एक निबंध लिहिला होता. माणसाला एका दमात साधारण सात गोष्टी ध्यानात ठेवता येतात, एखाद-दोन कमी किंवा जास्त, असं त्यात म्हटलं होतं. या हिशेबानं दहा आकडे म्हणजे जरा जडच. पण त्यांच्या जुड्या बांधल्या की ओझं हलकं होतं. आणि जुड्या बांधण्यात आपली मराठी मोठी पटाईत! 'नाइन फोर' म्हटलं तर दोन शब्द होतात, 'चौऱ्याण्णव' म्हटलं की एकच. म्हणजे दहा आकड्यांचे झाले पाच शब्द. पाच शब्द म्हटले की त्यांना आपोआप चाल लागते, आणि चाल लागलेली गोष्ट सहसा विसरत नाही. ज्यांची उजळणी पक्की, त्यांना हे चांगलं जमतं.

माझ्या आईचा नंबरही 'चौऱ्याण्णव'नं सुरू होतो. पुढचे आठ आकडे मी इथं छापत नाही. आपला नंबर असा चारचौघांत टांगायचा नसतो, हे तुम्हांला शाळेतही सांगत असतील. पण त्या नंबराची हकिगत मात्र सांगण्यासारखी आहे.

माझी आई नर्स होती. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्याच्या डोंगराळ भागात एक आरोग्य उपकेंद्र होतं, तिथं ती नोकरीला होती. डोंगराळ भागात साधारण तीन हजार लोकवस्तीमागं असं एक उपकेंद्र असतं. तीन हजार माणसं म्हटल्यावर तुम्हांला वाटेल, एखादं गाव असेल. छे! डोंगरावर विखुरलेल्या वाड्या. एक या धारेवर, दुसरी ओढ्यापलीकडं. लसींची पेटी खांद्याला अडकवून आई पायी फिरायची. बाळांना डोस पाजायचे, गरोदर बायकांना तपासायचं, गोळ्या द्यायच्या, वहीत नोंदी करायच्या. पावसाळ्यात तर विचारूच नका. तिकडचा पाऊस म्हणजे चार-चार दिवस सूर्याचं दर्शन नाही.

२००४ मध्ये बाबांनी आईला मोबाइल घेऊन दिला. त्या वेळी मोबाइल ही आजच्यासारखी घरोघरची वस्तू नव्हती. आपल्या देशातला पहिला मोबाइल फोन ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तो कलकत्त्याहून दिल्लीला, केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केला होता. सुरुवातीला दर असे की सामान्य माणसानं फोन दुरूनच बघावा. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंतही पैसे पडत. आणि गंमत म्हणजे आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जात! २००३ मध्ये आलेले फोन मोफत झाले आणि मग शेतकरी, गवंडी, भाजीवाले, सगळ्यांच्या खिशात मोबाइल दिसायला लागला.

आईचा फोन होता नोकिया ११००. बटणांचा, आणि डोक्यावर छोटी विजेरी असलेला. या फोनवर ना फोटो निघत, ना सिनेमा दिसे. पण जगभरात असे पंचवीस कोटींहून जास्त फोन विकले गेले. आईला त्यातली विजेरीच सगळ्यात आवडली. "फोन लागो न लागो, वाट तरी दिसेल," असं ती म्हणायची.

फोन लागणं ही खरंच कठीण गोष्ट होती. उपकेंद्राच्या खोलीत एकाच खिडकीपाशी रेंज यायची. आईनं तिथं खिळा ठोकला आणि एका पिशवीत फोन घालून तो खिळ्याला टांगून ठेवला. रिंग वाजली की सगळ्यांनी तिकडं धावायचं!

मग तिनं आपला नंबर वाटायला सुरुवात केली. बाळांच्या लसीकरणाच्या कार्डावर मागच्या बाजूला तो लिहून दिला. किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर लिहिला. शाळेच्या भिंतीवर गुरुजींनी खडूनं लिहिला, तर घराघरांत दारामागं कोळशानं लिहिला गेला. पण ज्यांना वाचता येत नाही, त्यांचं काय? आईनं युक्ती काढली. लसीकरणाच्या दिवशी बायका जमल्या की ती म्हणायची, "चला, नंबर म्हणा बघू!" मग सगळ्या जणी उजळणी म्हटल्यासारख्या सुरात पाच शब्द म्हणायच्या. पोरं हसायची. हसता हसता त्यांचाही पाठ व्हायचा. आणि घरी पोरांच्या तोंडून ऐकून गडीमाणसांचाही.

फोन करायला पैसे नसले तरी अडत नसे. एक मिस्ड कॉल म्हणजे 'सगळं ठीक'. लागोपाठ दोन म्हणजे 'बाई, तुम्ही फोन करा'. तीन म्हणजे 'निघाच!'

२००६ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमाराला खिडकीतला फोन वाजला. एका लांबच्या वाडीवरचे गुरुजी बोलत होते. एका बाईला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि खाली येणाऱ्या रस्त्यावर दरड कोसळली होती. त्या बाईचा नवरा धावत गुरुजींकडं आला होता. साऱ्या वाडीत मोबाइल एकट्या गुरुजींकडं. नंबर लिहिलेलं कार्ड त्यानं बंडीच्या खिशात आणलं होतं, पण पावसानं त्याचा पार लगदा झाला होता. गुरुजींची पंचाईत झाली. त्यांची बदली नुकतीच झाली होती, त्यांच्याकडं आईचा नंबर नव्हता.

"तुला येतो का रे नंबर?" त्यांनी विचारलं.

तो गडी शाळेची पायरी चढलेला नव्हता. आकडे लिहिले तर त्याला ओळखू येत नसत. पण त्यानं डोळे मिटले आणि बायकोच्या सुरात नंबर म्हणून दाखवला. पाचच्या पाच शब्द! देवळापाशी थोडी रेंज येई. तिथं भर पावसात उभं राहून गुरुजींनी बटणं दाबली.

आईनं फोनवरच सांगितलं, काय काय करायचं, काय अजिबात करायचं नाही. इकडं बाबांनी गावातली जीप उठवली. जीप दरडीपर्यंत गेली. तिथून पुढं आई आणि एक मदतनीस बाई चिखलातून, दगडांवरून पलीकडं गेल्या. वाडीतली माणसं कंदील घेऊन समोरून आली. पहाटे चारच्या सुमाराला, मोबाइलच्या विजेरीच्या उजेडात, एक मुलगी जन्माला आली. अगदी एवढीशी! पण रडली मात्र खणखणीत. दिवस उजाडल्यावर मायलेकींना डोलीतून दरडीपलीकडं आणलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं. दोघी सुखरूप!

मी त्या वेळी कॉलेजात होते. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईनं ही हकिगत सांगितली आणि म्हणाली, "बघ, त्या माणसाला लिहायला-वाचायला येत नाही. पण माझा नंबर त्याच्या डोक्यात आहे. आता मी नंबर बदलला, तर त्याच्या डोक्यातला कसा बदलू?"

पुढं काळ भराभर गेला. आई २०१४ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी साताऱ्याला भावाकडं राहायला आली. या सगळ्यात आईनं पाच फोन बदलले, पण नंबर तोच, बरं का!

आता तुम्ही विचाराल, फोन बदलला, मोडला, हरवला, तरी नंबर तोच कसा राहतो? मग नंबर असतो तरी कुठं? फोनमध्ये? नाही. फोनला त्याचा स्वतःचा पंधरा आकडी ओळख क्रमांक असतो. *#०६# दाबलं की तो पडद्यावर दिसतो. करून पाहा, पण घरच्यांना विचारून! मग नंबर सिमकार्डात असतो का? तसंही नाही. सिमकार्डाचाही एक निराळा ओळख क्रमांक असतो. पहिली सिमकार्डं १९९१ मध्ये जर्मनीतल्या म्युनिक शहरातल्या एका कंपनीनं तयार केली. ती आजच्या एटीएम कार्डाएवढी मोठी होती! पुढं ती लहान लहान होत नखाएवढी झाली. आपला दहा आकडी नंबर राहतो तो कंपनीच्या नोंदवहीत. कागदाची वही नव्हे, संगणकातली. 'अमुक नंबर म्हणजे तमुक सिमकार्ड' असं त्यात लिहिलेलं असतं. सिमकार्ड हरवलं की कंपनी जुन्याचं नाव खोडते आणि नव्याचं लिहिते. नंबर आपला तोच!

आणखी एक प्रश्न. कंपनीच बदलली तर? पूर्वी नंबरही जायचा. दुकानाच्या पाटीवर जुना नंबर खोडून नवा रंगवावा लागे. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात, आणि २० जानेवारी २०११ पासून साऱ्या देशात, तोच नंबर ठेवून कंपनी बदलायची सोय झाली. 'पोर्ट' असं लिहून पुढं आपला नंबर टाकायचा आणि तो संदेश १९०० या क्रमांकावर पाठवायचा. मग एक संकेतशब्द येतो, तो नव्या कंपनीला द्यायचा. भावाच्या घरचे सगळे फोन एकाच कंपनीचे होते म्हणून २०१७ मध्ये आईचाही फोन त्या कंपनीत नेला. दुकानदार म्हणाला, "आजी, हल्ली फॅन्सी नंबर मिळतात. शेवटी चार साता, एकदम झकास! देऊ का?" आईनं विचारलं, "तो कुणाला पाठ आहे?" दुकानदार हसला आणि गप्प बसला.

खरी कसोटी आली ती २०२४ च्या सुरुवातीला. आईला फोनवर भलतेसलते लोक गाठू लागले. "तुमचं बँक खातं बंद होणार आहे, आकडे सांगा," "तुम्हांला बक्षीस लागलंय," असे फोन दिवसातून चार-पाच वेळा. आई सत्तरीला आलेली. एकदा तर ती बोलता बोलता आकडे सांगणारच होती, तेवढ्यात भावजयीनं फोन काढून घेतला. भाऊ म्हणाला, "आई, वीस वर्षांत हा नंबर कुठं कुठं जाऊन पोचलाय, देव जाणे. तो बंद करू. तुला नवा घेऊ. घरातल्यांना आणि नातेवाइकांना कळवू. झालं!"

भावाचं काही चुकत नव्हतं. त्याला आईची काळजी होती, तिच्या पेन्शनचीही होती. पण आई ऐकेना. ती म्हणाली, "अरे, माझा नंबर मला लागतो का कधी? मी स्वतःला कधी फोन केलाय का? तो माझा नाहीच. ज्यांच्या डोक्यात आहे त्यांचा आहे. आणि त्यांना तू कसं कळवणार? तुझ्याकडं कुठं आहेत त्यांचे नंबर?"

दोन दिवस घरात हा वाद चालला. तेव्हा मधे पडली माझी भाची. वय वर्षं चौदा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या नावानं सिमकार्ड मिळत नाही, म्हणून तिचा फोन भावाच्या नावावर आहे. तो नंबर नवाकोरा आहे असं तिला वाटलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात फोन आला, "ब्लाउज झाले का हो शिवून?" भाची चक्रावली. मग दुसरा फोन आला, तिसरा आला. तो नंबर पूर्वी कुण्या टेलरकाकांचा होता! आपल्याकडं मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊ या आकड्यांनी सुरू होतात. अशा दहा आकडी जागा जास्तीत जास्त किती, करा हिशेब. चारशे कोटी! जागा पुष्कळ दिसल्या तरी त्या काही अमर्याद नाहीत. म्हणून बंद झालेले नंबर कंपन्या पुन्हा वापरतात. प्रीपेड नंबरावरून सलग नव्वद दिवस ना फोन, ना मेसेज, ना इंटरनेट, असं झालं तर तो बंद होऊ शकतो. मग निदान नव्वद दिवस तो मोकळा ठेवतात आणि त्यानंतर दुसऱ्या कुणालातरी देतात.

भाची म्हणाली, "बाबा, आधी मी त्या बायकांवर वैतागायचे. 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवायचे. एकदा एका आजींनी फोन ठेवूच दिला नाही. म्हणाल्या, 'अगं, ते टेलरभाऊ गेले कुठं? बरे आहेत ना? माझ्या मुलीच्या लग्नाचे कपडे त्यांनी शिवले होते.' मला काहीच सांगता येईना. आपला आजीचा नंबर उद्या माझ्यासारख्या कुणाला मिळाला, तर तिकडच्या बायकांना काय उत्तर मिळेल? राँग नंबर!"

भाऊ काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्हींकडून बरी अशी वाट काढली. आईसाठी एक नवा नंबर घेतला आणि बँक, आधार, गॅस, पेन्शन हे सगळं त्या नव्या नंबराला जोडलं. तो नंबर घरातल्यांशिवाय कुणाला द्यायचा नाही. आणि जुना नंबर पुन्हा एका साध्या, बटणांच्या फोनात घातला. त्यावर कुणी कितीही आकडे विचारले, तरी आता सांगण्यासारखं तिथं काही नाही! पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. जुना नंबर सोडायचा असेल, तर आधी तो बँकेतून आणि आधारमधून काढून नवा घालावा. नाहीतर आपले निरोप आणि आपले गुप्त आकडे भलत्याच माणसाच्या फोनवर जायचे.

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. त्या संध्याकाळी बटणांचा फोन वाजला. आईनं उचलला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "बाई, मी दरडीतली!"

आईला क्षणभर उमगेना. मग तिकडं वडिलांनी फोन घेतला. "बाई, वळखलं का? पोरगी बारावी पास झाली. आता नर्सिंगला जाती म्हणतीया. म्हनलं, पयलं बाईंस्नी सांगू."

"अहो, पण माझा नंबर अजून होता तुमच्याकडं?"

"हाय की! पाठच हाय."

आणि त्या माणसानं फोनवर आईचा नंबर आईलाच म्हणून दाखवला. त्याच जुन्या चालीत.

मुलांनो, कायद्यानं बघितलं तर नंबर आपल्या मालकीचा नसतो. तो आपल्याला वापरायला दिलेला असतो. खिडकीपाशी टांगलेला तो विजेरीवाला फोनही कधीच भंगारात गेला. मग आई जपत होती ते काय? इतकी वर्षं लोकांनी हाक मारली आणि तिनं 'ओ' दिली, तो तिचा शब्द. नंबर म्हणजे त्या शब्दाचं दार. तुमच्या घरातही असा एखादा जुना नंबर असेल. आजोबांचा, मावशीचा, दुकानाचा. तो कधी घेतला, पहिला फोन कुणाचा आला, आजवर का बदलला नाही, हे एखाद्या रविवारी विचारून बघा. आणि निदान दोन नंबर तोंडपाठ करून ठेवा. जत्रेत, स्टेशनात चुकामूक झाली आणि जवळ फोन नसला, तर डोक्यातला नंबरच कामाला येतो. त्याला बॅटरी लागत नाही, आणि तो पावसात भिजतही नाही.

आईला हल्ली जरा कमी ऐकू येतं. दुपारी ती झोपते, तेव्हा बटणांचा फोन भाचीकडं असतो. सोबत एक वही ठेवलेली आहे. मागच्या महिन्यात मी साताऱ्याला गेले होते, तेव्हा फोन वाजला. भाचीनं तो उचलला आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "बाई झोपल्यात. मी त्यांची नात. तुम्ही कोण, कुठल्या वाडीच्या? थांबा हं, लिहून घेते."